मावळत्या सुपरनोव्हाची प्रत आठ इंची दुर्बिणीतून कशी नोंदवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी आठ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आहे, कॅमेरा नाही. २०२३ च्या मे महिन्यात एम १०१ दीर्घिकेतला सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा प्रचंड स्फोट, त्यातून डोळ्यांनी पाहिला, पण पुढे तो मंद होत गेला तेव्हा नेमकं काय आणि कसं नोंदवायचं ते समजलं नाही. पुढच्या वेळी तो उतार पद्धतशीर टिपायचा असेल तर काय करावं, आणि डोळ्यांनी केलेल्या अंदाजाला आज काही किंमत आहे का?

किंमत आहे. अट एकच: वहीत नुसता आकडा लिहायचा नाही, तुलना लिहायची. कोणता तारा सुपरनोव्हापेक्षा तेजस्वी दिसला, कोणता मंद दिसला आणि दोघांच्या मध्ये तो कुठे बसला, ही खरी नोंद. प्रतीचा, म्हणजे तेजाच्या मोजपट्टीवरचा आकडा (तो जितका मोठा, तितका तारा मंद) त्यातून नंतर कधीही काढता येतो. उलटं करता येत नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला डेन्मार्कच्या टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाचा आहे. नोव्हेंबर १५७२ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात नवा तारा दिसला आणि मार्च १५७४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सोळा महिने, टायकोने त्याचा उतार टिपला. तेव्हा दुर्बीण नव्हती आणि प्रतीची आजच्यासारखी काटेकोर मोजपट्टीही नव्हती. त्याने लिहिलं ते असं: आधी शुक्राइतका, मग गुरूच्या जवळपास, मग पहिल्या प्रतीच्या ताऱ्यांसारखा, नंतर शर्मिष्ठेतल्याच अमुक ताऱ्यासारखा. ते तारे आजही तिथेच आहेत. म्हणून १९४५ साली खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांना त्या नोंदींवरून प्रकाशवक्र, म्हणजे दिवसागणिक तेजाचा आलेख, काढता आला आणि तो पहिल्या प्रकारचा सुपरनोव्हा होता असं म्हणता आलं. पुढे २००८ मध्ये त्या स्फोटाचा धुळीवरून परावर्तित होऊन उशिरा पोचलेला प्रकाश सुबारू दुर्बिणीने टिपला. त्याच्या वर्णपटाने तो टाइप वन-ए (पहिल्या प्रकाराचा एक उपप्रकार) असल्याचं पक्कं केलं. नुसत्या डोळ्यांनी केलेली तुलना पावणेचारशे वर्षांनी कामी आली, कारण ती तुलना होती.

आता आपल्या एम १०१ कडे वळू. जपानच्या कोइची इतागाकी यांनी १९ मे २०२३ रोजी हा सुपरनोव्हा शोधला. त्याचं नाव एसएन २०२३आयएक्सएफ. सापडला तेव्हा तो १५ व्या प्रतीच्या जवळपास होता आणि आठवड्याभरात ११ च्या आसपास पोचला. दीर्घिका सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे सुपरनोव्हांच्या हिशेबात अगदी शेजारी. त्या आठवड्यात सगळ्यांच्या दुर्बिणी सप्तर्षींकडे वळल्या. जूनच्या मध्यापर्यंत बहुतेकांचा उत्साह ओसरला. खरी कमतरता तिथून पुढे असते, आणि छोट्या दुर्बिणीवाल्याला सर्वांत जास्त वावही तिथेच असतो.

उतार कसा असतो हे आधी समजून घ्या, म्हणजे कोणत्या आठवड्यात किती वेळा बघायचं ते ठरवता येतं. सगळे सुपरनोव्हा एकाच चालीने मावळत नाहीत.

एसएन २०२३आयएक्सएफ हा टाइप टू होता. सूर्याच्या अनेक पट वस्तुमानाच्या ताऱ्याचा गाभा कोसळून झालेला स्फोट. बाहेरच्या हायड्रोजनच्या जाड थरात स्फोटाची ऊर्जा साठलेली असते. थर पसरतो आणि थंड होतो. तापमान सुमारे ६,००० केल्व्हिनपर्यंत उतरलं की इलेक्ट्रॉन पुन्हा प्रोटॉनला जाऊन मिळतात, तो थर पारदर्शक होतो आणि आतला प्रकाश सुटतो. ही सीमा हळूहळू आत सरकत जाते. त्यामुळे सुपरनोव्हा बरेच दिवस जवळपास सारखाच तेजस्वी राहतो किंवा अगदी सावकाश उतरतो. याला पठार म्हणतात. सर्वसाधारणपणे हे पठार शंभर दिवसांच्या आसपास चालतं. २०२३आयएक्सएफचं थोडं आखूड, ऐंशीच्या घरातलं होतं. पठार संपलं की थोड्या आठवड्यांत तेज साधारण दीड ते दोन प्रतींनी कोसळतं. हा कडा कोणत्या दिवशी येतो यावरून बाहेरच्या हायड्रोजनच्या थराचा अंदाज बांधता येतो, म्हणून त्या काळातली प्रत्येक रात्र मोलाची.

कड्यानंतर शेपूट सुरू होते. तिथून पुढे प्रकाश पुरवतो तो किरणोत्सर्ग. स्फोटात तयार झालेलं निकेल-५६ सुमारे ६ दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्ट-५६ मध्ये बदलतं, आणि कोबाल्ट सुमारे ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने लोखंडात. या क्षयातून निघणारे गॅमा किरण पूर्णपणे आतच अडले तर तेज दर शंभर दिवसांना जवळपास एक प्रत या वेगाने उतरतं. हिशेब सोपा आहे: ७७ दिवसांत तेज निम्मं, आणि निम्मं म्हणजे ०.७५ प्रत. दक्षिण आकाशातल्या १९८७ए या सुपरनोव्हाची शेपूट बराच काळ याच उतारावर चालली. तुमच्या आलेखावर हीच रेघ उमटू लागते तेव्हा आपण दुसऱ्या दीर्घिकेतल्या कोबाल्टचा क्षय मोजतोय, ही जाणीव मला अजूनही थरारून सोडते.

टाइप वन-ए चं वेगळं असतं. तो श्वेतबटूचा, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्याचा, स्फोट. हायड्रोजनचा थर नाही, त्यामुळे पठारही नाही. शिखरानंतर पंधरा दिवसांत निळ्या प्रकाशात साधारण एक प्रत उतरते, हिरव्या-पिवळ्यात त्याहून कमी. नंतर वेग मंदावतो, तरी शेपूट शंभर दिवसांना एक प्रत यापेक्षा जलदच उतरते, कारण पसरलेल्या विरळ द्रव्यातून गॅमा किरण निसटू लागतात. एम ८२ मधला एसएन २०१४जे अशातलाच. तो २१ जानेवारी २०१४ रोजी लंडनच्या विद्यापीठीय वेधशाळेत स्टीव्ह फॉसी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना ०.३५ मीटरच्या दुर्बिणीतून सापडला. इंटिग्रल उपग्रहाने त्यातल्या कोबाल्ट-५६ चे गॅमा किरण थेट टिपले. म्हणजे सुपरनोव्हा वन-ए असेल तर पहिला दीड महिना शक्य त्या प्रत्येक रात्री बघा. टाइप टू असेल तर पठारावर दोन-तीन दिवसांआड एक नोंद पुरते, पण सत्तराव्या दिवसापासून रात्र सोडू नका.

आता प्रत्यक्ष काम. नकाशा एएव्हीएसओ या संस्थेच्या संकेतस्थळावरून काढा. १९११ पासून ही संस्था रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या नोंदी गोळा करते. सुपरनोव्हाचं नाव टाकलं की तुलना-ताऱ्यांसह (प्रत ठाऊक असलेल्या शेजारच्या ताऱ्यांसह) नकाशा तयार मिळतो. ताऱ्याशेजारी ११२ लिहिलं असेल तर त्याची प्रत ११.२. दशांश चिन्ह मुद्दाम गाळलेलं असतं, नाहीतर तो ठिपका तारा वाटेल. डॉब्सोनियनमध्ये चित्र १८० अंशांनी फिरलेलं दिसतं, आरशातल्यासारखं डावं-उजवं बदललेलं नसतं. त्यानुसार नकाशाची दिशा निवडा. दोन नकाशे छापा: एक मोठ्या क्षेत्राचा, शोधण्यासाठी, आणि एक लहान क्षेत्राचा पण १४.५ प्रतीपर्यंतचे तारे दाखवणारा. दुसरा सुरुवातीला निरुपयोगी वाटेल, उतारावर तोच लागेल.

जागा शोधायला सप्तर्षींच्या शेपटीतले वसिष्ठ आणि मरीची घ्या. एम १०१ या दोघांशी त्रिकोण करते. वसिष्ठ-अरुंधतीपासून पूर्वेकडे मंद ताऱ्यांची माळ जाते, तिच्या टोकावरून पुढे सरकलं की तिथे पोचता येतं. शहराच्या कडेला राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एम १०१ ची एकूण प्रत ८ च्या आसपास असली तरी तो प्रकाश जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढ्या क्षेत्रावर पसरलेला आहे, त्यामुळे उजळ आकाशात दीर्घिका मुळीच दिसत नाही. सुपरनोव्हा मात्र बिंदू आहे, तो दिसतो. दीर्घिका दिसली नाही म्हणून जागा चुकली असं समजू नका. ताऱ्यांची नक्षी नकाशाशी जुळवा, धुक्याची वाट बघू नका.

अंदाज करताना सुपरनोव्हापेक्षा थोडा तेजस्वी आणि थोडा मंद असे दोन तुलना-तारे निवडा. दोघांतलं अंतर अर्ध्या प्रतीच्या आसपास असलं तर उत्तम, एक प्रतीच्या वर नसावं. मग त्या अंतराचे मनात दहा भाग करा आणि सुपरनोव्हा कुठे बसतो ते ठरवा. समजा तारे ११२ आणि १२० आहेत, आणि सुपरनोव्हा तेजस्वी ताऱ्याकडून तीन भाग व मंद ताऱ्याकडून सात भाग वाटला. वहीत लिहायचं: ११२ (३) सु (७) १२०. इथेच थांबा. बेरीज-गुणाकार दुर्बिणीजवळ करू नका. सकाळी हिशेब केला की ०.८ चे तीन दशांश म्हणजे ०.२४, प्रत ११.४४, म्हणजे ११.४. अशी नोंद ठेवण्याचे दोन फायदे आहेत. तुलना-ताऱ्यांच्या प्रती पुढे सुधारल्या गेल्या तर तुमची जुनी नोंद नव्याने मोजता येते. आणि रात्री आकडाच समोर नसल्यामुळे परवाच्या आकड्याशी जुळवून घेण्याचा मोह होत नाही. मावळत्या ताऱ्याच्या बाबतीत हा मोह फार बळकट असतो. तो मंद होणार हे आपल्याला माहीत असतं, म्हणून मन दर वेळी थोडं मंदच बघतं. या एका कारणाने माझा आग्रह असतो की अंदाज लिहून होईपर्यंत इतरांच्या नोंदी आणि आलेख उघडू नयेत.

डोळ्याच्या स्वतःच्या काही खोडी आहेत. तारा आणि तुलना-तारा एकाच वेळी क्षेत्राच्या दोन कडांना ठेवून ताडू नका, प्रत्येकाला आळीपाळीने मध्यभागी आणा. दोन तारे एकाखाली एक दिसत असतील तर खालचा अधिक तेजस्वी वाटतो आणि यातून अर्ध्या प्रतीपर्यंत चूक होऊ शकते. डोकं असं वळवा की त्यांना जोडणारी रेघ तुमच्या दोन डोळ्यांच्या रेघेला समांतर होईल. लालसर ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो अधिकाधिक तेजस्वी वाटत जातो, म्हणून भरभर नजर फिरवून निर्णय घ्या. टाइप टू सुपरनोव्हा सुरुवातीला निळसर असतो आणि पठारावर थंड होत लाल होतो, तेव्हा ही खोड उतारावर जास्त सतावते. मंद तारा तिरक्या नजरेने बघत असाल तर तुलना-तारेही तिरक्या नजरेनेच बघा. एकाला सरळ आणि दुसऱ्याला तिरकं बघून केलेली तुलना टाकाऊ.

वर्धन पूर्ण काळ एकच ठेवा. आठ इंची एफ-६ दुर्बिणीला २५ मिलिमीटरच्या आयपीसने शोधा आणि १० मिलिमीटरच्या आयपीसने, म्हणजे १२० पट वर्धनाने, अंदाज करा. वर्धन वाढलं की दीर्घिकेची पसरलेली उजळी फिकी होते आणि बिंदू तसाच राहतो. हे महत्त्वाचं आहे, कारण सुपरनोव्हा बहुतेकदा सर्पिल भुजेवर असतो. २०२३आयएक्सएफ तर एनजीसी ५४६१ या मोठ्या तेजोमेघाच्या जवळ होता. तारा ११ व्या प्रतीचा असताना त्या उजळीने फारसं बिघडत नाही. १३ च्या पुढे गेल्यावर तीच उजळी ताऱ्यात मिसळते आणि तो आहे त्यापेक्षा तेजस्वी भासतो. अशा नोंदीपुढे "पार्श्वभूमी उजळ" असं लिहून ठेवा. वापरणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

आणि दिसला नाही, तर? तेही लिहायचं. त्या रात्री क्षेत्रात दिसलेला सर्वांत मंद तुलना-तारा १३.२ चा असेल तर नोंद "१३.२ पेक्षा मंद". हौशी मंडळी ही नोंद लाजून गाळतात, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. २०२३आयएक्सएफच्याच बाबतीत, शोधाच्या आधीच्या तासांत जगभरच्या हौशी निरीक्षकांनी एम १०१ ची सहज म्हणून काढलेली छायाचित्रं होती. कुठल्यात तो दिसत नव्हता, कुठल्यात नुकता उगवत होता, आणि त्यांवरूनच स्फोटाची वेळ फार बारकाईने ठरवता आली. उतारावरही कड्याच्या दिवसांत "१३.२ पेक्षा मंद" ही ओळ आलेखाला एका बाजूने बांधून ठेवते.

वेळ ज्युलियन दिनांकात, म्हणजे खगोलशास्त्रातल्या दिवसांच्या सलग मोजणीत, लिहा. भारतात हे फार सोयीचं पडतं, कारण ज्युलियन दिवस जागतिक वेळेच्या दुपारी बाराला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला बदलतो. आपली संपूर्ण रात्र एकाच दिवसात बसते, मध्यरात्री तारीख बदलण्याचा घोळ होत नाही. २० मे २०२३ ची रात्री साडेदहाची नोंद म्हणजे जागतिक वेळ १७:००, ज्युलियन दिनांक २४६००८५.२०८. डोळ्यांच्या अंदाजाला तीन दशांश पुरेसे आहेत.

पावसाळ्याचं काय, हा महाराष्ट्रातल्या प्रत्येक निरीक्षकाचा प्रश्न. एम १०१ मे महिन्याच्या उत्तरार्धात रात्री साडेदहाच्या सुमारास उत्तरेला सर्वांत उंच, पुण्याहून साधारण ५४ अंशांवर असते. २०२३ मध्ये मोसमी पाऊस रेंगाळला. मुंबईत तो २५ जूनला, दिल्लीबरोबर एकाच दिवशी पोचला. त्यामुळे शोधानंतर आपल्याला बऱ्याच रात्री मिळाल्या, फक्त वटपौर्णिमेच्या आसपासच्या चांदण्याने मध्ये खंड पाडला. ऑगस्टमधला कडा मात्र सह्याद्रीच्या आसपासच्या आकाशातून दिसणं कठीणच होतं. याच दीर्घिकेतला २०११एफई टाइप वन-ए होता आणि तो १० व्या प्रतीपर्यंत चढला, पण ऐन गणपतीत, आणि तेव्हा एम १०१ संध्याकाळी वायव्येला खाली गेलेली. या खंडांवर उपाय नाही. दोन नोंदींमधली रिकामी जागा आलेखावर रिकामीच ठेवा, रेघ ओढून भरू नका. लडाखमधल्या हानले इथे पाऊस कमी पोचतो. भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटरची हिमालयीन चंद्रा दुर्बीण आणि आयआयटी मुंबई व तीच संस्था मिळून चालवतात ती ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण तिथेच आहेत, आणि दोन्हींनी २०२३आयएक्सएफचा पाठपुरावा केला.

मोठ्या दुर्बिणी असताना आपली काय गरज, असंही विचारलं जातं. आकाश धुंडाळणाऱ्या मोठ्या सर्वेक्षणांचे कॅमेरे मंद ताऱ्यांसाठी बनवलेले असतात, ११ व्या प्रतीचा तारा त्यांत सॅच्युरेट होतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे जातो. शिवाय आपल्याकडे रात्र असते तेव्हा अमेरिकेत दिवस असतो. भारताच्या रेखांशावरची नोंद ही तिकडच्या दोन रात्रींच्या मधली नोंद आहे. अनुभवी डोळ्याचा अंदाज ०.१ ते ०.२ प्रतीपर्यंत खरा ठरतो. एक-दोन प्रतींचा उतार दाखवायला तो पुरतो. शंभर दिवसांत एक प्रत की दीड, हे ठरवायचं असेल तर मात्र डोळा कमी पडतो.

कॅमेऱ्याकडे वळावं लागतं ते तिथे, आणि आठ इंची दुर्बिणीतून सुपरनोव्हा १३.५ च्या खाली गेल्यावर. काळोख्या गावातून १४ पर्यंत तग धरता येतो, उपनगरातून त्याच्या बराच आधी साथ सुटते. ताऱ्यांच्या मागे फिरत जाणारं माउंट (दुर्बिणीची बैठक) आणि कुठलाही डीएसएलआर असेल तरी सुरुवात होते. चित्रं रॉ स्वरूपात घ्या, जेपेगमध्ये नाही. त्यांतला फक्त हिरवा रंग वेगळा काढून मोजा, तो खगोलशास्त्रातल्या प्रमाणित व्ही (हिरव्या-पिवळ्या) फिल्टरच्या सर्वांत जवळचा आहे. डार्क (झाकण लावून घेतलेली) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाची) ही दुरुस्तीची चित्रं चुकवू नका. एका लांब एक्स्पोजरऐवजी बरीच छोटी एक्स्पोजर घेऊन एकावर एक रचा. एकही तुलना-तारा सॅच्युरेट झालेला नसावा. प्रत ठाऊक असलेला एक तारा तपासणीसाठी बाजूला ठेवा. त्याचा आकडा रात्रीगणिक हलत असेल तर सुपरनोव्हाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. दीर्घिकेच्या उजळीवर खरा उपाय एकच आहे: सुपरनोव्हा पूर्ण मावळल्यावर त्याच दुर्बिणीने, त्याच कॅमेऱ्याने त्या जागेचं चित्र घ्यायचं आणि ते जुन्या चित्रांतून वजा करायचं. म्हणून दीड-दोन वर्षांनी का होईना, ते शेवटचं चित्र घ्याच, आणि तोवर जुनी कच्ची चित्रं पुसू नका. डोळ्यांच्या आणि कॅमेऱ्याच्या नोंदी एका आलेखावर वेगवेगळ्या खुणांनी दाखवा, त्यांची सरासरी काढू नका. दोघांचा रंग-प्रतिसाद वेगळा आहे.

नोंदी साठवून ठेवण्यापेक्षा पाठवा. एएव्हीएसओकडे निरीक्षक-संकेत मागितला की मिळतो. तारा, ज्युलियन दिनांक, प्रत, वापरलेले दोन तुलना-तारे आणि नकाशाचा क्रमांक एवढं भरायचं असतं. नकाशाचा क्रमांक विसरू नका, त्यावरूनच पुढे कुणालाही तुमची नोंद पुन्हा मोजता येते.

पुढच्या सुपरनोव्हाची तयारी आजपासून करता येते. काही दीर्घिकांत ते वारंवार होतात: एनजीसी ६९४६ मध्ये १९१७ ते २०१७ या काळात दहा सापडले, कन्या राशीतल्या एम ६१ मध्ये आठ, एम १०१ मध्ये पाच, एम ५१ मध्ये १९९४ ते २०११ दरम्यान तीन. एनजीसी ६९४६ हंस आणि वृषपर्वा यांच्या सीमेवर आहे आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी आपल्याकडे उत्तरेला छान वर असते. एम ६१ साठी मार्च-एप्रिल. या चारही क्षेत्रांचे नकाशे छापून ठेवा, प्रत्येक क्षेत्र एकदा शांतपणे बघा आणि तुमच्या गावातून, तुमच्या दुर्बिणीतून तिथला सर्वांत मंद कोणता तारा दिसतो तेवढं वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा.